बुधाजीचं मीठ

बुधाजी हॉस्पिटलातून आपल्या पायांनी चालत घरी आला खरा, पण जेवण मात्र पनवेललाच ठेवून आला. निदान त्याची बायको ठमाबाई तरी येणाऱ्याजाणाऱ्याला असंच सांगायची. सांगताना हसायची आणि माणूस अंगणाबाहेर पडला की पदराने डोळे पुसायची.

झालं होतं असं, की बुधाजीचं काळीज थकलं होतं. पंच्याहत्तरीला आलेलं काळीज ते. पायांवर सूज, चार पावलं चाललं की धाप, छातीत पाणी. डॉक्टरांनी पंधरा दिवस ठेवून घेतलं, पाणी उतरवलं, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवताना एकच गोष्ट बोट वर करून सांगितली. मीठ बंद. कमी नाही, बंद. भाजीत नाही, भाकरीत नाही, लोणचं-पापड तर नावच काढायचं नाही.

आता घ्या! एवढ्या मोठ्या पनवेलात डॉक्टरला हे सांगायला हाच एक माणूस सापडला! अहो, बुधाजीचा आजा मिठागरात, बाप मिठागरात, आणि बुधाजी चालायला शिकला तोही मिठागराच्या बांधावर. उरणच्या अलीकडे खाडीला लागून त्यांचे मिठाचे वाफे होते. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं की डोळे मिटून सांगायचा, हे वरच्या वाफ्यातलं, हे खालच्या. हे चैत्रात ओढलेलं, हे वैशाखात. पोरंटोरं परीक्षा घ्यायची आणि हरायची. पंचक्रोशीत कुणाकडे लग्नाची हळद असली की मटणाच्या टोपात मीठ घालायला बुधाजीला बोलावणं जायचं. तो यायचा, टोपी काढायचा, वाफेवर तोंड धरायचा आणि आपल्या पिशवीतलं मीठ मुठीने टाकायचा. पंगत बसली की पहिल्या घासाला कुणी ना कुणी म्हणणारच, "बुधाजीचं मीठ पडलंय बरं का!" माणसं बोटं चाटत उठायची.

ते वाफे गेले त्याला आता वीस वर्षं होत आली. बंदर वाढलं, रस्ते आले, भराव पडला. जिथे बुधाजी लाकडी फळीने मीठ ओढायचा, तिथे आता एकावर एक कंटेनर रचलेले असतात, लाल, निळे, हिरवे. त्याचा मुलगा अल्पेश त्याच रस्त्यावरून ट्रेलर चालवतो. जमीन गेली तेव्हा बुधाजी रडला नाही, भांडला नाही. शेवटचं पीक त्याने एका निळ्या पिंपात भरलं, पिंप घरामागच्या पडवीत फळ्यांवर ठेवलं, आणि तेव्हापासून ते मीठ फक्त हळदीच्या टोपासाठी निघायचं. वाफे गेले, अंगातली ताकद गेली, पण नाव तेवढं राहिलं होतं. त्या नावावर म्हातारा मान ताठ ठेवून गावातून चालायचा.

तर अशा माणसाला मीठ बंद!

घरी येण्याच्या दिवशी अल्पेशच्या मुलीने, मृणालीने, एक भलतंच करून ठेवलं. पोर शिकलेली. न्हावा शेव्याजवळच्या एका लॅबमध्ये कंटेनरांतून येणाऱ्या-जाणाऱ्या खाण्याच्या मालाची तपासणी करते. पण जिवावर बेतलं की शिकलेलीसुद्धा शेवटी आपल्याच घरची. तिने आजोबाचा हात उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, माझी शपथ घ्या. मिठाला जीभ लावणार नाही म्हणा." बुधाजीने नातीच्या तोंडाकडे बघितलं आणि घेतली शपथ. घरातली सगळी मुसमुसली. ठमाबाईला वाटलं, सुटलो बाई, आता हा माणूस चोरून खायचा नाही.

चोरून सोडाच, म्हातारा समोरचंही खाईना.

ठमाबाईने काय काय नाही केलं? लिंबू पिळलं, कोकम घातलं, लसणीची फोडणी दिली, हिरवी मिरची वाटून लावली. बुधाजी ताटावर बसायचा, दोन घास पोटाला द्यायचे म्हणून द्यायचा आणि हात धुवायचा. तक्रार नाही, आदळआपट नाही. जन्मभर जो माणूस "भाकरी जाड झालीय, कालवण पातळ झालंय" म्हणून तिचं डोकं खायचा, तो आता गुपचूप उठायचा, आणि ठमाबाईला ते गुपचूप उठणंच फार लागायचं. महिन्याभरात सदरा अंगावर लोंबायला लागला, गालांची हाडं वर आली. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजनाच्या काट्याकडे बघून मान हलवली. पुढच्या गुरुवारपर्यंत पोटात अन्न जायला लागलं नाही तर पुन्हा भरती करू, म्हणाले, आणि नाकातून नळी घालून भरवू.

नाकातून नळी! ठमाबाईने घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि देवालाच चार शब्द सुनावले.

पुढल्या दिवशी, शुक्रवारी, करंजाची येसूबाई मासळीची टोपली घेऊन दारात आली. ठमाबाईने बाकीच्यांसाठी कोलंबी घेतली आणि मागच्या पायरीवर सोलायला बसली. मृणालीला सुट्टी होती, ती शेजारी चहाचा कप घेऊन टेकली. ठमाबाई डोकी मोडत होती आणि एका कागदावर फेकत होती.

"आजी, डोकी टाकतेस?" मृणाली म्हणाली. "तू तर पाट्यावर वाटायचीस ना? रस काढून कालवणात घालायचीस."

"कोणासाठी वाटू? आजाऱ्याच्या घरात साधंच शिजवावं."

"अगं, सगळी चव त्याच्यातच असते."

"चव मिठाची असते बाय. मीठच न्हाय तर काय घालायचंय चुलीत?"

मग मृणालीने कप खाली ठेवला आणि आजीची शाळा घेतली. जिभेला म्हणे पाच चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी एक, जिला एका जपानी शास्त्रज्ञाने उमामी असं नाव दिलं.

"आनि तिखट कुठं गेलं?" ठमाबाईने मध्येच हटकलं.

"तिखट चव नाही आजी, तिखट म्हणजे आग."

"आग तर आग. पुढं बोल."

ही पाचवी चव म्हणजे ग्लुटामेट नावाचा पदार्थ, मृणाली म्हणाली. पिकलेल्या टोमॅटोत असतो, मोड आलेल्या कडधान्यात असतो. कोलंबीत, सुक्या जवळ्यात त्याच्या जोडीचं आणखी एक द्रव्य असतं. ती दोन्ही एका भांड्यात आली की चव कितीतरी पटींनी वाढते, तोंडाला पाणी सुटतं, आणि मीठ नसलं तरी जिभेला भरल्यासारखं वाटतं. चायनीजच्या गाडीवर चिमूटभर पांढरी पूड टाकतात ना, तो त्याचाच प्रकार.

"मग ती पुडीच आन ना!"

"पुडीतही थोडा मिठाचा अंश असतो, आजोबांना नको. आणि पुडी कशाला? तुझ्या पाट्यावर आहे की! कोलंबीच्या अंगचा खारेपणा तेवढा राहील, पण तो चालेल म्हणाले डॉक्टर. मी फोन करून विचारलंय."

ठमाबाई हातातल्या कोलंबीच्या डोक्याकडे बघत राहिली. तिला तिची आई आठवली, जनी. माहेरच्या खाडीच्या बांधावर उकिडवी बसलेली, हातात गुळगुळीत दगड. डोकी ठेचून, पाण्यात कुस्करून, फडक्यातून पिळून काढायची. "जीव डोक्यात आसतो गो," म्हणायची, "अंगात नुसतं मांस." जनीने लेकीला दुसरं काही दिलं नाही, पण ही खोड दिली. डोकी टाकायची नाहीत. कोलंबी नसेल त्या दिवशी जवळा भाजून त्याची पूड करायची आणि वाटणात घालायची. ठमाबाईने कधी त्याचा विचारसुद्धा केला नव्हता. घरात शिरताना चप्पल काढतो, त्याचा कोण विचार करतं?

आणि मग तिला तिचा स्वतःचा पहिला स्वयंपाक आठवला. एकोणीस वर्षांची नवी नवरी. मिठागराच्या बांधावर तीन दगडांची चूल, खाऱ्या वाऱ्याने विस्तव सारखा इकडेतिकडे. खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीवर लावलेल्या जाळ्यात सापडलेली कोलंबी, घरून आणलेले मोड आलेले वाल आणि दोन लाल टोमॅटो, निखाऱ्यात भाजलेले. ऊन उतरलं तशी माणसं वाफ्यातून वर आली, हातापायांवर मीठ सुकून पांढरी झालेली. तरणाबांड बुधाजी पुढे आला, ढिगातून चिमूटभर मीठ घेतलं आणि टोपात टाकलं. सगळे जेवले, आणि सासरा म्हणाला, "काय मीठ हाय रं या साली!" त्या संध्याकाळी समोर सगळे वाफे मावळतीने लाल झाले होते आणि ठमाबाईला आपल्या नवऱ्याच्या मिठाचा केवढा अभिमान वाटला होता! कुठे गेला तो वारा, कुठे गेली ती माणसं! आता त्या जागेकडे नजर टाकली तर क्रेन दिसतात.

"आजी? रडतेस?"

"कांदा कापते म्हनून," ठमाबाई म्हणाली. कांदा आसपास कुठेही नव्हता.

तिने डोकी कागदावरून गोळा केली, पाटा धुतला, वरवंटा हातात घेतला. डोकी वाटली, पाण्यात कुस्करली, रस गाळला. टोमॅटो गॅसवर काळे होईस्तोवर भाजले. घरात मोड आलेले कडवे वाल होतेच. लसूण, मिरची, हळद, खोबरं. मीठ नाही, कणभरसुद्धा नाही. कालवणाला उकळी फुटली आणि तिने पळीचं टोक चाटून बघितलं. बाई गं! जशीच्या तशी बांधावरची चव. ठमाबाईने लगेच ताट वाढायला घेतलं.

बुधाजी ताटावर बसला, नेहमीसारखा मान खाली घालून. पहिला घास घेतला आणि मान वर आली. दुसरा घास घेतला. तिसरा. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, चेहरा असा खुलला की ठमाबाईला वाटलं, मिळवलं रे देवा. चौथा घास त्याने उचलला आणि हात मध्येच थांबला. घास ताटात परत गेला.

"मीठ घातलंस," तो म्हणाला.

"न्हाय घातलं."

"मना शिकवतेस? मिठात जलम गेला माझा. आपल्या वाफ्यातलं हाय. पिंपातलं काढलंस तू."

"अवो, देवाची आन, न्हाय घातलं!"

पण म्हातारा ऐकतोय कुठला! मोरीत जाऊन पाच वेळा चुळा भरल्या, जीभ बोटाने खरवडली. मग फोन उचलला, पाच मिनिटांपूर्वी दुकानावर गेलेल्या मृणालीला लावला आणि विचारलं, "बाय, बरी हायेस ना तू? काय झालं न्हाय ना तुला? तिथनं हलू नको, अल्पेशला पाठवतंय." नातीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली असं त्याला वाटलं होतं, आणि त्या भीतीने त्याचे ओठ पांढरे पडले होते.

त्या दिवसापासून बायकोच्या हातचं बंद. अळणीसुद्धा बंद! ज्यात कुणाला काही कालवता येणार नाही तेवढंच तोंडात टाकायचा, शहाळ्याचं पाणी आणि सालीसकट समोर आणून ठेवलेलं केळं. अल्पेशने विनवून बघितलं. मृणालीने ग्लुटामेट, सोडियम, लॅब, सगळं समजावून सांगितलं. बुधाजी शांतपणे म्हणाला, "तुझी आजी लपवते आनि तू तिला पाठीशी घालतेस. मना राग न्हाय. पण माझी जीभ खोटं बोलत न्हाय." आणि कूस बदलली.

ठमाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. एवढा संसार केला, दोन बाळंतपणं, एक पूर, सासूची आजारपणं, कधी या माणसाला ताटातून फसवलं नाही, आणि आज हा ऐकवतो! रागारागात ती भांडी घासत होती. टोप घासता घासता एकदम तिचा हात थांबला. मीठ नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत नव्हतं. तरी हा म्हणतो आपल्या वाफ्यातलं आहे. म्हणजे मग ह्याला जी आपल्या मिठाची चव वाटते ती... अगो बाई! म्हणजे ह्याला एकट्यालाच नव्हे, सगळ्या गावाला! हळदीच्या टोपात वाटण कुणाचं असायचं? ठमाबाईचं. त्यात भाजलेल्या जवळ्याची पूड कोण टाकायचं? ठमाबाई. कुणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिलाही कधी वाटलं नाही. पन्नास वर्षं ती राबली आणि नाव मिठाचं झालं!

तिला आधी हसू आलं. एकटीच खुदखुदली. मग असा संताप आला की टोप मोरीत दाणकन आपटला. आणि मग, टोपाचा आवाज विरायच्या आत, तिला भीती वाटली.

कारण म्हाताऱ्याला जेववायचं तर हे त्याला पटवावं लागणार होतं. आणि पटलं, तर त्याच्याकडे राहणार काय? वाफे गेले. अंगातली ताकद गेली. पिंपातलं ते मीठ आणि त्याचं नाव, एवढ्यावर तो माणूस उभा होता. तेही आपणच काढून घ्यायचं? न सांगावं, तर नाकात नळी. सांगावं, तर जेवेल कदाचित, पण कुठल्या तोंडाने? शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार ती हेच दळण दळत राहिली. बुधवारी सकाळी बुधाजी उठताना भिंतीला धरून बसला तो बसलाच, अल्पेशने उचलून खाटेवर ठेवला. लहान पोरासारखा उचलला गेला. ठमाबाईने ते बघितलं आणि ठरवलं. नाव गेलं तरी चालेल, माणूस जाता कामा नये.

जरा वेळाने तिने प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघरात ओढली आणि अल्पेशला सांगून बुधाजीला तिच्यात बसवला.

"काय गो, काय चाललंय?"

"गप बसा. आज काय बोलायचं न्हाय, नुसतं बघायचं." तिने घरातली मिठाची बरणी काढली, झाकण घट्ट लावलं आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "धरा. दोन्ही हातांनी. सोडलीत तर बघा!" पडवीतल्या पिंपाला तिने तेवढ्यात अल्पेशकडून कुलूप घालून घेतलं होतं. त्याची चावी तिने बुधाजीच्या खिशात टाकली.

मग ती शिजवायला बसली. एकेक वस्तू त्याच्या नाकासमोरून नेली. डोकी वाटली, रस काढला, टोमॅटो भाजले, वाल फोडणीला घातले. मृणाली दाराला टेकून बघत होती. म्हातारा सुरुवातीला भिंतीकडे बघत होता. रस कालवणात पडून वास सुटला तसा तो टोपाकडे बघायला लागला. कालवण उतरवून ठमाबाईने चमचाभर त्याच्या ओठांशी नेलं. तो मागे सरला.

"बरणी कोणाकडं हाय?" तिने विचारलं.

"माझ्याकडं."

"चावी?"

"खिशात."

"मग घ्या."

त्याने मृणालीकडे बघितलं. तिने मान हलवली. बुधाजीने जिभेचं टोक लावलं. डोळे मिटले, हळदीच्या टोपावर मिटायचा तसेच.

"हाय," तो हळूच म्हणाला. "आपलंच हाय." आणि डोळे उघडून मांडीवरच्या बरणीकडे बघायला लागला. मग स्वतःलाच समजावल्यासारखा म्हणाला, "समुद्राची मासळी. तिच्या अंगचं आसंल."

ठमाबाई जमिनीवर त्याच्या पायाशी बसली. सगळं धैर्य गोळा करून बोलली. "सोमवारी तुम्ही मीठ मागून घ्यायचात. आठवतंय? दर सोमवारी. 'आज हात आखडलास,' म्हनायचात. बरणी तीच, मीठ तेच, मूठ माझी तीच. सोमवारी आपल्यात मासळी न्हाय शिजत, म्हनून वाटणात ना डोक्यांचा रस ना जवळा, एवढाच काय तो फरक. मी आपली वाढायची, आनि मनातल्या मनात तुमाला शिव्या द्यायची."

बुधाजीची बोटं बरणीच्या झाकणावरून फिरत राहिली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठमाबाईला वाटलं, चुकलंच माझं, कशाला बोलले. ती घाईघाईने म्हणाली, "पण मिठाशिवाय काय व्हतंय? मीठ तर लागतंच, तुमचं मीठ व्हतं म्हनून तर..."

"गप," बुधाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "अल्पेशच्या वेळी तू बाळंत झालीस त्या साली मी एकटाच गेलतो हळदीला, सोनारीच्या पावन्यांकडं. माझ्या हातानं मीठ घातलं. लोकं जेवली आनि कोन काय बोललं न्हाय. एक मानूस बोलला न्हाय! मना वाटलं मीठ बिघडलं. पानी लागलं, नाय तर कोनाची नजर लागली. घरी येऊन आख्खी गोन खाडीत वतली मी. त्या मिठाला काय काय बोललो." त्याने बरणी उचलून आतल्या मिठाकडे बघितलं. "त्याची काय चूक नव्हती गो. तू नव्हतीस."

मृणालीने ओढणी तोंडाशी धरली. ठमाबाईने उगाच त्याच्या धोतराचा सोगा नीट केला.

"वाढ," बुधाजी म्हणाला.

तिने वाढलं. तो जेवला. खुर्चीत बसूनच, ताट मांडीवर घेऊन जेवला, कालवणात भात बुडवून जेवला, पुन्हा भात मागितला, वालाचा एकेक दाणा वेचून खाल्ला. मध्येच म्हणाला, "मिरची जास्त झालीय." ठमाबाईला एवढा आनंद झाला की तिने त्याला उलट उत्तरसुद्धा दिलं नाही.

हात धुऊन होतात तोच अंगणातून हाक आली. गावातलाच गणराज होता, हातात पत्रिकांचा गठ्ठा. त्याच्या मुलीची, अमिषाची, हळद पुढच्या आठवड्यात. आत आला, बुधाजीच्या पाया पडला, पत्रिका पुढे केली आणि म्हणाला, "काका, तब्येतीचं कळलं. तुमाला तरास न्हाय देत. पण एक मूठभर मीठ द्या. तुमच्या मिठाशिवाय आमच्या टोपाला चव यायची न्हाय, तुमाला ठाव हाय."

ठमाबाईने झटकन मान खाली घातली. आता ह्याने खुशाल मूठभर मीठ काढून द्यावं, असं तिला मनापासून वाटत होतं. झालं गेलं ते घरातल्या घरात. जगाला कशाला सांगायचं? म्हाताऱ्याची मान ताठ राहू दे.

"मीठ दुकानातनं आन," बुधाजी म्हणाला. "कुठलंबी चालंल."

गणराज हसला. "काका, चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाय. मीठ कुठलंबी आन, आनि हिला घेऊन जा." त्याने ठमाबाईकडे बोट दाखवलं. "चव हिची व्हती. मी नुसता मीठ टाकायचो. मनाच आज कळलं. तू आता गावात सांग."

गणराज एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा म्हातारीकडे बघत राहिला. शेवटी त्याने बुधाजीपुढे धरलेली पत्रिका वळवली आणि ठमाबाईच्या हातात दिली. तिच्या उभ्या जन्मात या घरी आलेली पत्रिका तिच्या हातात कधी पडली नव्हती. तिला भडभडून आलं, आणि यावेळी तिने कांद्याबिंद्याचं नावही घेतलं नाही, सगळ्यांसमोर रडली.

मग पदराने नाक पुसलं आणि गणराजवरच खेकसली, "उभा काय ऱ्हायलास? लिहून घे. जवळा नवा पायजे, कोरडा खडखडीत. आनि येसूबाईला सांग, कोलंबी डोक्यांसकट दे म्हनावं."